खरं बोलायचा लिलाव

गणित शिकवणाऱ्या माणसाला गल्लीत मान असतो, काम नसतं. कुणाच्या मुलाला दहावीत मार्क कमी पडले की त्याची आठवण होते, एरवी त्याला लांबूनच नमस्कार. त्यामुळं आपलं ज्ञान लोकांच्या उपयोगी पडण्याची संधी आली, तेव्हा मी तिच्यावर अक्षरशः झडप घातली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला तेव्हाही पाठ होती. ती इतरांसाठी आहे असा माझा समज होता.

ती दुष्काळाची वर्षं. लागोपाठ दोन पावसाळे नुसते ढग दाखवून गेले होते. शहराला मात्र त्याचं काही नव्हतं, ते जालना रोडनं करमाडच्या दिशेला सुसाट निघालं होतं. कालपर्यंत जिथं बाजरी डोलत होती तिथं रो-हाऊस उभी राहत होती, आणि त्यातल्याच एका गल्लीत आम्ही कर्ज काढून राहायला आलो होतो. बिल्डरच्या पत्रकात ‘मुबलक पाणी’ असं लिहिलेलं होतं. महापालिकेची पाईपलाईन येणार होती, आम्ही आलो तेव्हाही येणार होती. तोवर टँकर. गल्लीतल्या निम्म्या लोकांसाठी शहर औरंगाबाद होतं, निम्म्यांसाठी संभाजीनगर. त्यावरून कट्ट्यावर आवाज चढायचे. पण टँकरचा हॉर्न वाजला की दोन्ही शहरं बादल्या घेऊन एकाच रांगेत उभी राहायची.

गल्लीच्या मागं एका शेतकऱ्याची विहीर होती. जमीन त्यानं बिल्डरला विकली, विहीर तेवढी ठेवली. तिला पाणी होतं. तो म्हणाला, मोटर, पाईप आणि टाकी तुम्ही करा, हंगामाचे पैसे एकरकमी द्या आणि पाऊस येईपर्यंत पाणी घ्या. घराघरांत नळ येणार होता. प्रश्न एवढाच होता की कुणी किती द्यायचे.

त्यासाठी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ओपन स्पेसवर सभा बोलावली. हे मूळचे गंगापूरकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्य कालव्यांवर गेलं आणि म्हातारपण टँकरची वाट बघण्यात. ते उभे राहिले आणि म्हणाले, “बोला मंडळी, कोण किती देणार?”

कुणीच बोललं नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता. जो पहिला आकडा सांगेल तो त्याच्याच गळ्यात पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या दारात दोन गाड्या होत्या तो म्हणाला, सध्या जरा ओढाताण आहे. ज्याच्या दारात सायकल होती तो म्हणाला, आधी मोठ्यांनी बोलावं. मग शेजारच्या भाईंनी, म्हणजे माझ्या उजव्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यानं, “सेक्रेटरीसाब, आधी तुम्हीच बोला ना,” असं म्हटलं आणि सेक्रेटरी खाली बसले. भाईंचं पाईप आणि नळांचं दुकान होतं, त्यामुळं ते जे बोलतील त्यात त्यांचा फायदा आहे असं लोकांना आधीच वाटायचं, आणि ते बिचारे कमीच बोलायचे.

नेमका तेव्हा मी उठलो.

त्या दिवसांत मी लिलावाच्या शास्त्रावर काहीबाही वाचत होतो. कॉलेजात हा विषय अभ्यासक्रमात नव्हता, म्हणूनच तो मला आवडायचा. मी म्हणालो, “तुम्ही खोटं बोलता यात तुमचा दोष नाही. पद्धतच अशी आहे की खरं बोलणारा बुडतो. मी अशी पद्धत देतो की खोटं बोलून कुणाचा पै-पैशाचा फायदा होणार नाही.”

पुढच्या रविवारी मी घरून फळा आणला. पोरांच्या शिकवणीचा छोटा फळा होता, तो पिंपळाच्या कट्ट्याला टेकवून मी गल्लीला एकमताची व्याख्या सांगितली. आता ती आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात, पण व्याख्या चांगली होती. प्रत्येक घरानं बंद चिठ्ठीत लिहायचं की नळासाठी आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो. मग मी एकेक चिठ्ठी बाजूला ठेवून बाकीच्यांवरून हिश्श्याचा आकडा काढणार. कुणाचीही एक चिठ्ठी काढून टाकली तरी आकडा तोच येत असेल, तर ते खरं एकमत. बदलत असेल तर तो आधी शंभरात, मग पाचशेत, मग हजारात पूर्ण करत जायचं, बदलायचा थांबेपर्यंत. तो आकडा सगळ्यांचा हिस्सा. ज्यानं तेवढा किंवा त्याहून जास्त लिहिला असेल त्याला नळ, आणि द्यायचा फक्त हिस्सा.

“म्हणजे,” मी खडू हवेत धरून म्हणालो, “तुमच्या चिठ्ठीवर तुमची किंमत ठरत नाही. ती बाकीच्यांवरून ठरते. एक माणूस गेला तरी जे ढळत नाही, ते एकमत!”

भाईंनी हात वर केला. “सर, मतलब मी जास्त लिहिलं तरी जास्त द्यायचं नाय?”

“नाही.”

“आणि कमी लिहिलं तर?”

“तर कदाचित तुम्ही बाहेर राहाल. हिस्सा कमी होणार नाही.”

“मग झूट बोलून फायदा काय?”

“हेच तर!” मी फळ्यावर खडू आपटला, तो मोडला.

“मग मजा काय?” भाई म्हणाले आणि सगळी सभा हसली. मीही हसलो, कारण तो विनोद म्हणजे माझ्या पद्धतीची स्तुतीच होती.

सेक्रेटरी मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “सर, आन् ज्याच्यापाशी खरंच नाय त्यानं काय करायचं?”

“त्यानं खरं ते लिहायचं,” मी म्हणालो. “हिस्सा त्याहून जास्त निघाला तर त्याला नळ नाही. नियम म्हणजे नियम. एकाला सवलत दिली की सगळे रडायला लागतात आणि खरेपणा संपतो.”

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मला वाटलं, माझ्या विचारातली स्पष्टता त्यांना भिडली.

आता इथं माझी परिस्थिती सांगितली पाहिजे, नाहीतर या भाषणातली खरी गंमत कळायची नाही. माझं कॉलेज विनाअनुदानित. मुलं बहुतेक खेड्यांतली. खेड्यांत पीक नाही म्हणून फी नाही, फी नाही म्हणून आमचा पगार नाही. संस्थाचालक भेटले की म्हणायचे, पाऊस पडू द्या. कित्येक महिने पगाराचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण गल्लीत मी ‘प्रोफेसर’ होतो. वेतन आयोगाच्या गप्पा निघाल्या की मी अशा काही नम्रतेनं हसायचो की समोरच्याला वाटावं, याला तर फरकाची रक्कम कुठं ठेवावी हा प्रश्न पडलाय. स्कूटरमध्ये पेट्रोल टाकणं परवडेना, तर मी पायी चालण्याचे फायदे या विषयावर कट्ट्यावर एक व्याख्यान दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझी मूठ मी इतकी घट्ट झाकली होती की ती उघडून आत खरंच काही आहे का, हे बघायची मलाच भीती वाटायची.

म्हणजे हिस्सा जरा जास्त निघाला असता, तर गल्लीत बिननळाचं घर नेमकं माझं राहणार होतं.

चिठ्ठी लिहायच्या दिवशी बायकोनं विचारलं, “किती लिहिताय?”

“किती जमेल आपल्याला? अगदी ओढून ताणून.”

तिनं हिशेब आधीच केलेला होता. तिच्या शिकवण्यांचे होते, थोडे भिशीतून येणार होते. “चार हजार तीनशे,” ती म्हणाली. “त्याच्या वर एक रुपया नाही.”

“मग चार हजार तीनशे.”

“आणि हिस्सा सहा-सात हजार निघाला तर?”

“निघणार नाही.”

“निघाला तर, अहो. दारात दोन गाड्यावाले आहेत गल्लीत.”

मी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणालो, “मी केलेल्या नियमात मीच खोटं लिहू?”

“खोटं लिहा म्हणतच नाही मी. नियम करताना घरात विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.” तिनं दोन कळशा उचलल्या आणि टँकरच्या रांगेत उभी राहायला गेली. कळशा नेण्याचं काम एरवी माझं होतं. त्या दिवशी मी बसून सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली, पुढं चेकवर लिहितात तसं ‘फक्त’ लिहिलं आणि तीनदा घडी घातली. आपण किती प्रामाणिक, या विचारानं मला भरून आलं होतं. नळ न मिळण्याची भीतीही खूप वाटत होती, पण भरून येणं थोडं जास्त होतं.

चिठ्ठ्या एका घागरीत टाकायच्या होत्या. रिकाम्या घागरींना त्या वर्षी तोटा नव्हता.

रविवारी सकाळी सगळी गल्ली जमली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मी फळ्यापाशी. मी पहिली चिठ्ठी उघडली. चार हजार तीनशे. अक्षर माझं नव्हतं. मी मनातल्या मनात सुखावलो. माझ्यासारखाच विचार करणारा एक तरी माणूस गल्लीत आहे म्हणायचं. दुसरी उघडली. चार हजार तीनशे. मी लोकांकडं वळून सांगितलं, “बघा, माणसं खरं लिहायला लागली की आकडे कसे जवळ येतात!” तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या चार हजार तीनशे. पुढं कुठंतरी माझी निघाली, ‘फक्त’वाली. तीही अर्थात तेवढीच. फळ्यावर एकाच आकड्याची रांग लागली होती आणि माझ्या शास्त्राचा रंग हळूहळू उतरत चालला होता. कारण दोन गाड्यावाल्याला आणि सायकलवाल्याला नळाची किंमत सारखी कशी असेल, एवढं गणित मलाही येत होतं.

घागर रिकामी झाली. एकही वेगळा आकडा नाही.

परीक्षा केंद्रावर मी कडक म्हणून प्रसिद्ध होतो. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांचं उत्तर सारखं आणि चुकाही सारख्या, असं दिसलं की मला एकच गोष्ट सुचते. तीच सुचली.

“कॉपी!” मी ओरडलो. “तुम्ही कॉपी केलीत! माझा आकडा कुणीतरी फोडला. सर गणिताचे आहेत, त्यांचं उत्तर बरोबरच असणार, असं म्हणून सगळ्यांनी उतरवून काढलं. अहो, या प्रश्नाला एक बरोबर उत्तर नसतं! प्रत्येकानं आपलं स्वतःचं खरं लिहायचं होतं!”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सेक्रेटरींच्या पत्नीनं पदर तोंडाला लावला. भाई आभाळाकडं बघत होते, जणू आता पाऊसच येणार होता. मी आणखी बराच वेळ बोललो. सुशिक्षित लोकांची वस्ती, स्वतंत्र विचार, हे असंच चाललं तर देशाचं काय होणार, वगैरे. कुणी एका शब्दानं उलटून बोललं नाही. मी त्याचा अर्थ असा लावला की अपराध त्यांना मनातून पटलाय.

शेवटी सेक्रेटरी उठले. “चुकलं सर. लई चुकलं. आता तुमच्या रीतीनं एकेक चिठ्ठी काढून बघा, आकडा बदलतो का.”

“कसा बदलेल? सगळे सारखेच आहेत.”

“नाय ना बदलत? मंग एकमत झालं का नाय?”

“व्याख्येनं झालं, पण...”

“मंग झालं. हिस्सा चार हजार तीनशे. कुणी बाहेर नाय. उठा मंडळी, ऊन वाढलं.”

“पण एवढ्यात भागणार नाही,” मी म्हणालो. “पाईपसुद्धा विहिरीपासून इथपर्यंत पोचायची नाही.”

“पाईप का मैं देखता, सर,” भाई म्हणाले. “तुम्ही फळा उचला, तापला तो.”

घरी आलो तो मी संतापलेला होतो, पण आतून थोडा खूशही. बायकोला म्हणालो, “चूक आहे त्यांची, पण विश्वास बघ केवढा! सरांनी लिहिला म्हणजे तोच आकडा बरोबर.”

ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला. “बसा जरा.”

मी बसलो.

“तुम्ही हुशार आहात म्हणून नाही लिहिला कुणी तो आकडा,” ती म्हणाली. “आपल्याला तेवढंच जमतं म्हणून लिहिला.”

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. भिशीत तिनं आपला नंबर आधी मागितला होता, तेव्हाच बायकांना समजलं होतं. परवा रांगेत सेक्रेटरींच्या पत्नीनं तिला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांगा, तुमचं किती जमतंय. तिनं खरं सांगितलं. संध्याकाळी पुरुष मंडळी भाईंच्या दुकानात जमली. एक मी सोडून सगळे.

“बंद चिठ्ठी होती ती,” मी म्हणालो.

“पाण्याच्या रांगेत काय बंद राहतंय?”

“म्हणजे पगाराचं... कुणाकुणाला माहीत आहे?”

“सगळ्यांना. होळीच्या आधीपासून.”

“आणि मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून...”

“ती इस्त्री मीच करते ना.” तिनं भाकरी तव्यावर टाकली.

मला राग आला. लाजेला दुसरी वाट मिळाली नाही की ती रागाच्या रस्त्यानं येते. मी म्हणालो, “मग सरळ सांगायचं मला. सर, तुम्ही जमेल तेवढे द्या, वरचे आम्ही घालतो.”

“घेतले असते तुम्ही?”

मी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

“त्यांनाही तेच वाटलं,” ती म्हणाली. “सेक्रेटरीकाका म्हणाले, सर पैसे घ्यायचे नाहीत आणि नियम मोडायचे नाहीत. स्वतःच स्वतःला बाहेर काढतील आणि वर त्याचं कारणही फळ्यावर समजावून सांगतील. मग आपणच सगळे आत राहू अशी तोड काढू.”

मी उठून मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. मला रडू आलं. दुःखाचं होतं की अपमानाचं की आणखी कशाचं, ते मी त्या वेळी तपासलं नाही. ज्यांना मी भर उन्हात उभं करून कॉपीबहाद्दर म्हणालो, त्यांनी निमूट माना खाली घातल्या होत्या. त्या माना हसू लपवायला खाली गेल्या होत्या, की माझ्याकडं बघवत नव्हतं म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. आणि त्यांतल्या एक-दोघांना स्वस्तात सुटल्याचा आनंदही झाला असणार, मी काही सगळ्यांना देव करत नाही. चिठ्ठ्या सारख्या असल्यामुळं कुणाचं मन मोठं आणि कुणाचा हात आखडता, हे ओळखायला जागाच उरली नव्हती. माझ्या पद्धतीत ते अगदी स्वच्छ दिसलं असतं. त्यांना बहुतेक तेही नको होतं.

एक गोष्ट मात्र मला लगेच कळली, कारण ती माझ्या विषयातली होती. कोणतीही चिठ्ठी काढली तरी आकडा बदलत नाही, असं मी सेक्रेटरींना सांगितलं होतं. ते चूक होतं. एक चिठ्ठी अशी होती की ती नसती तर सगळेच आकडे बदलले असते. मी व्याख्या केली होती, एक माणूस वगळला तरी जे ढळत नाही ते एकमत. गल्लीनं आधी ठरवलं की कुणाला वगळायचं नाही, आणि आकडा मागून काढला.

संध्याकाळी सेक्रेटरी पैसे घ्यायला आले. दारातच उभे राहिले. बायकोनं पाकीट दिलं, त्यांनी न मोजता खिशात घातलं. मी विचारलं, “काका, बाकीचे कुठून आणणार?”

“गणपतीचे हायेत थोडे. थोडं ज्याला जसं जमंल तसं.”

“कोण किती देतंय?”

“सर,” ते म्हणाले, “तुमचा लिलाव सकाळीच संपला.” आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

मला त्यांना बरंच काही बोलायचं होतं. चपला घालून मी फाटकापर्यंत गेलो, आणि “ऊन फार आहे हो” एवढंच बोलून परत आलो. तेव्हा सूर्य मावळलेला होता.

पाईप आली, टाकी बसली. शेतकऱ्यानं मोटर सुरू केली त्या सकाळी सगळ्या गल्लीत नळ एकदमच फुरफुरले. आमच्या नळाला आधी नुसती हवा आली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. मी खाली बादली लावून उभा राहिलो. बादली भरली, काठावरून सांडायला लागली, तरी मी बघतच होतो. बायकोनं पुढं येऊन नळ बंद केला.

“लोकांचं पाणी आहे, अहो,” ती म्हणाली. “सांडू नका.”